साथ, बेट आणि बेटाची माणसं

आपल्या जिल्ह्याच्या जुन्या खानेसुमारीत तीन आकडे आहेत. १८८१ साली ५,४३,४०२ माणसं, १८९१ साली ६,४९,२७२ आणि १९०१ साली ५,३५,०२७. पहिल्या दहा वर्षांत लाखाच्या वर माणसं वाढली आणि पुढच्या दहा वर्षांत १,१४,२४५ कमी झाली. शेकडा साडेसतरा. तेव्हा जिल्ह्याचं नाव धाराशिव नव्हतं, उस्मानाबादही नव्हतं. कागदोपत्री तो निजाम सरकारचा नळदुर्ग जिल्हा होता. गॅझेटियर लिहिणाऱ्यांनी या घटीचं कारण म्हणून दुष्काळ दाखवला, १८९६-९७ चा आणि त्यामागोमाग १८९९-१९०० चा. ते खोटं नाही. पण या दोन दुष्काळांच्या मधे आणखी एक पाहुणा येऊन गेला आणि पुढं कित्येक वर्षं येतच राहिला. तो म्हणजे प्लेग.

मराठवाड्यात प्लेगची आठवण पुस्तकांपेक्षा बोलण्यात जास्त टिकली. ‘गाठीचा ताप’, ‘उंदीर पडले’, ‘मरी आली’ हे शब्द म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी परवापरवापर्यंत होते. शिव्यासुद्धा साथीच्याच होत्या. पोरगं ऐकेना की ‘पटकी आली तुला’. प्लेग कुठून आला असं विचारलं की उत्तर एकच असायचं: मुंबईहून. गिरणीत कामाला गेलेला कुणीतरी आगगाडीनं परत आला आणि सोबत गाठ घेऊन आला.

हे उत्तर चुकीचं नाही. मुंबईची गाडी सोलापूरला १८६० पासून येत होती. बार्शी लाइट रेल्वे तर ऐन प्लेगच्या वर्षी, १८९७ साली सुरू झाली. सोलापूर इंग्रजांचं, नळदुर्ग निजामाचं, पण मधल्या नाक्यावर उंदराला आणि पिसवेला कोण अडवणार? तरी या उत्तरात एक गोष्ट राहून जाते. आपण ‘मुंबई’ म्हणतो तेव्हा गिरण्या, गोदी, रेल्वे, साहेब आणि शेठ डोळ्यांसमोर येतात. पण मुंबई हे मुळात एक बेट होतं, खरं तर सात बेटं. त्यांवर गिरण्या येण्याआधी शेकडो वर्षं माणसं राहत होती. त्यांनी प्लेग कुठून आणला नव्हता. त्यांच्या दारात तो गोदीतून उतरला. या माणसांनी ती साथ कशी पाहिली असेल, हा प्रश्न २०२० नंतर माझ्या डोक्यात घर करून बसला. हा लेख त्याबद्दल आहे.

ही माणसं म्हणजे आधी कोळी. मुंबादेवी त्यांची, आणि शहराचं नाव तिच्यावरून. अठराव्या शतकात किल्ल्याच्या कामासाठी देवीलाच जागा सोडावी लागली, तिथं भक्तांचं काय! कुलाबा, मांडवी, डोंगरी, माझगाव, वरळी, माहीम, धारावी, शीव अशा सगळीकडे त्यांचे वाडे. पोर्तुगीज काळात यांतले काही आणि साष्टीतले शेतकरी, आगरी ख्रिस्ती झाले. हे लोक स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवतात. नाव इंग्रजी, पण घरात बोलतात मराठीचीच एक बोली. १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्त्यांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून त्यांनी हे नाव घेतलं. म्हणजे आपण इथले मूळचे, हे सांगण्यासाठी त्यांना बाहेरच्या कंपनीचं नाव घ्यावं लागलं. माहीमच्या आसपासचे जुने कोकणी मुसलमानही या बेटाचेच. मखदूम अली माहिमी चौदाव्या-पंधराव्या शतकातले. तेव्हा इंग्रज काय, पोर्तुगीजही इथं नव्हते. पण इथं मी मुख्यतः कोळ्यांबद्दल आणि ईस्ट इंडियनांबद्दल लिहितोय.

‘मूळनिवासी’ हा शब्द सरकारी भाषेत त्यांना लागू होत नाही, हेही सांगायला हवं. आपल्याकडे धाराशिव, लातूर, नांदेड भागात ‘कोळी महादेव’ दाखल्याचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चाललाय, तो वाचकांना ठाऊक आहे. मुंबईच्या सोनकोळ्यांची गंमत वेगळी. बेट त्यांचं, हे कुणी नाकारत नाही. पण कायद्यात ते विशेष मागास प्रवर्गात, अनुसूचित जमातीत नाहीत. त्यामुळे जमिनीवरचा जमातीचा हक्क म्हणून जे संरक्षण असतं ते त्यांना नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीत हा मुद्दा लक्षात ठेवा.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो गॅब्रियल व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी तापाचे काही रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे असं सांगितलं. मांडवी म्हणजे जकातीची जागा. बंदराला लागून धान्याची गोदामं, गोदामात उंदीर, वर चाळी. चीनमधून हाँगकाँगमार्गे निघालेली ही साथ जहाजांतून आली असं मानलं जातं. मांडवी-डोंगरी हा कोळ्यांचा जुना मुलूख, आणि मांडवी कोळीवाडा हे नाव आजही त्याच भागात आहे. म्हणजे उपखंडातल्या या साथीचा पहिला पत्ता एका कोळीवाड्याच्या शेजारचा होता. पण त्या वर्षांचे मृत्यूंचे ठळक तक्ते पाहिले तर रकाने ‘मुसलमान’, ‘पारशी’, ‘नेटिव्ह ख्रिश्चन’, ‘इतर जातींचे हिंदू’ असे दिसतात. त्या मोठ्या रकान्यांत बेटाचा जुना रहिवासी विरघळून जातो. कोळी ‘इतर हिंदूं’त आणि त्याचाच ख्रिस्ती भाऊबंद ‘नेटिव्ह ख्रिश्चन’मध्ये.

पुढं काय झालं हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असेल. ऑक्टोबर १८९६ मध्ये महापालिका आयुक्त स्नो यांनी हुकूम काढला. रोग्याला घरातून उचलून दवाखान्यात न्यायचं, घर धुवायचं, सामान जाळायचं. महिना संपायच्या आत, २९ ऑक्टोबरला, गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या दवाखान्यावर हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा आला. मार्चमध्ये लष्करी अधिकारी गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग कमिटी बसली. सोजीर घराघरांत शिरू लागले. कौलं काढली, जमिनी खणल्या, चुना फासला, गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक सोडलं. घर राहण्यालायक नाही असं ठरलं की दारावर ‘यू.एच.एच.’ अशी तीन इंग्रजी अक्षरं रंगवली जायची. दरम्यान शहर पळालं. १८९७ च्या सुरुवातीला जवळजवळ निम्मी मुंबई गावाकडं निघून गेली. आणि त्यांतले काही आपल्याकडं आले.

कोळी कुठं पळणार? गिरणीवाल्याला रत्नागिरी होती, सातारा होतं, सोलापूर होतं. कोळ्याचं गाव तेच, जिथं साथ आली. त्याचं घर म्हणजे नुसतं निजायचं ठिकाण नाही. ओसरीवर जाळं विणायचं, अंगणात बोंबील वाळवायचे, आत सुकी मासळी साठवायची. बाजारात बसायचं ते घरातल्या बाईनं. पैसा तिच्या हातात. अशा घरावर ‘सामान बाहेर काढा आणि जाळा’ हा हुकूम लागू करायचा म्हणजे निव्वळ गादी-गोधडी जाळणं नव्हे, धंद्याचं भांडवल जाळणं. साहेबाच्या नजरेला हे घर म्हणजे मासळीचा वास, ओल आणि दाटी, म्हणजेच रोगाचं कारण. त्या काळच्या वैद्यकाचा मोठा भाग अजूनही घाण आणि दूषित हवेलाच दोष देत होता. उंदराच्या अंगावरची पिसू प्लेग पसरवते हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये मांडलं, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी आठ-दहा वर्षं गेली. तोवर घरं खणून आणि गटारं धुऊन उंदीर एका आळीतून दुसऱ्या आळीत हाकलले जात होते.

मुसलमानांची कहाणीही याच वर्षांत घडली. युरोपातल्या देशांनी दबाव आणला. हिंदुस्थानातून निघालेला हाजी प्लेग घेऊन मक्केला जाईल आणि तिथून तो साऱ्या जगात पसरेल, ही त्यांची भीती. म्हणून १८९७ साली आधी मुंबईतून आणि मग इतर बंदरांतून हजची जहाजं बंद झाली. पैसा-पैसा जमवून मुंबईपर्यंत आलेल्या माणसाला हे कसं वाटलं असेल, ते २०२० मध्ये ज्यांचं नाव हजच्या सोडतीत लागूनही जाता आलं नाही त्यांना समजेल. मार्च १८९८ मध्ये रिपन रोडवर मोमीन विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला पाहण्यासाठी प्लेगची माणसं घरात शिरू लागली आणि दंगा उसळला. गोळीबार झाला, माणसं मेली. पण मुसलमान म्हणजे विरोधच, असा जो छाप आहे तोही अर्धाच. हाफकिननं मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःला टोचून घेतली. विशीच्या आतल्या आगाखान तिसऱ्यांनी सगळ्यांदेखत लस टोचून घेतली, आपल्या खोजा जमातीला टोचायला लावली आणि हाफकिनच्या प्रयोगशाळेला जागाही दिली. जमातींनी आपापले प्लेगचे दवाखाने काढायला परवानगी मागितली. ती मिळाल्यावर रोगी लपवणं कमी झालं, कारण तिथं आपल्या हातचं पाणी, आपली भाषा आणि मेल्यावर आपल्या रीतीनं गुसल मिळण्याची खात्री होती. लोकांचा विरोध औषधाला कमी आणि आपल्या माणसाला अनोळखी हातात देण्याला जास्त होता. हा भेद सरकारला उशिरा कळला. पुण्यात तो कळायच्या आत, जून १८९७ मध्ये, रँडवर गोळी झाडली गेली.

याच काळात आपल्या भागात लोक काय करत होते? उंदीर पडायला लागले की गाव सोडायचे. सगळं गाव, हिंदू-मुसलमान, सोवळे-ओवळे, रानात खोपटी घालून राहायचं. दोन-तीन महिने वेस ओस. साथ ओसरली की परत. दख्खनभर ही रीत होती, आणि ती सरकारच्या सांगण्याआधीची. आज आपल्याला कळतं की ती बरोबर होती. माणसं उंदरांपासून दूर गेली, एकमेकांपासून पांगली, आणि पिसवा मागं राहिल्या. मुसलमान वाचकांना इथं हदीस आठवेल: जिथं ताऊन आहे तिथं जाऊ नका, आणि तुम्ही असाल तिथं तो आला तर पळून जाऊ नका. यावरून पुष्कळ लोक म्हणतात की गाव सोडणं गैर. पण आपलाच इतिहास पुढं वाचला तर? हिजरी १८ च्या सुमारास सीरियात अम्वासचा ताऊन आला. हजरत उमर (रजि.) वाटेतूनच परतले. हजरत अबू उबैदा (रजि.) फौजेसोबत थांबले आणि त्यातच गेले. त्यांच्यानंतर हजरत मुआझ (रजि.) हेही गेले. मग हजरत अम्र बिन आस (रजि.) यांच्या हाती सूत्रं आली आणि त्यांनी लोकांना डोंगरांत पांगायला सांगितलं. दुसऱ्या गावात रोग घेऊन जायचं नाही, पण एका जागी दाटूनही बसायचं नाही. आमच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या आजोबा-पणजोबांनी रानात खोपटी घातली ती नकळत याच वाटेनं.

पण रान असेल तर खोपटं घालता येतं. बेटावरच्या माणसाचं रान कुठलं? मुंबई बेटाच्या उत्तरेला, खाडीपलीकडे साष्टी होती. वांद्रं तेव्हा मुंबई शहरात नव्हतं, ठाणे जिल्ह्यात होतं. मुंबईतले पैसेवाले पळून तिथं येऊन राहिले आणि मागोमाग प्लेग आला. वांद्रं, अंधेरी, कुर्ला भागातली ईस्ट इंडियन गावठाणं अशी दुसऱ्यांच्या पळण्यामुळे साथीत सापडली. तिथल्या लोकांनी काय केलं? गावाच्या तोंडाशी, चव्हाट्यावर, आळीच्या टोकाला क्रूस उभे केले. दगडी, चुन्यात बांधलेले, काहींवर सालही कोरलेलं, १८९६ नंतरच्या वर्षांतलं. आजही त्यांना ‘प्लेग क्रॉस’ म्हणतात. वर्षातून एकदा फुलांनी सजवून तिथं गावाची प्रार्थना होते. वांद्र्याच्या रनवारमध्ये, गिरगावच्या खोताच्या वाडीत, माझगावच्या माथारपाखाडीत तुम्ही फिरलात तर असे क्रूस अजून दिसतात.

आपल्याकडं मरीआईचा गाडा असायचा. देवीला गाड्यात बसवून वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचं, मग पुढच्या गावानं तो आपल्या शिवेपलीकडं ढकलायचा. रोग शेजाऱ्याच्या डोक्यावर जायचा, हे उघड बोलायचं नाही! क्रूस तसा ढकलता येत नाही. तो जागेवर उभा राहतो आणि सांगतो की गाव इथपर्यंत होतं. सरकारच्या अहवालात जे गाव ‘अस्वच्छ वस्ती’ झालं होतं, त्याची वेस गावकऱ्यांनी स्वतःच्या खर्चानं दगडात आखून ठेवली. मला या क्रूसांचं महत्त्व धर्मापेक्षा इथं जास्त वाटतं. कोळी-ईस्ट इंडियनांच्या प्लेगचा इतिहास त्यांनी स्वतः लिहिलेला असा फारसा नाही. जो आहे तो असा, रस्त्याच्या कडेला.

आणि वेस आखून ठेवायची गरज का होती ते लवकरच दिसलं. १८९८ साली कायदा होऊन बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. हेतू सांगितला तो असा की दाट, अंधाऱ्या वस्त्यांमुळे प्लेग झाला, म्हणून त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, समुद्राची हवा शहरात आणायची. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, आजचा मोहम्मद अली रोड हे सगळे या ट्रस्टचे. दादर, माटुंगा, शीव इथल्या शेतजमिनी, मिठागरं, वाड्या संपादन करून तिथं नव्या वसाहती आखल्या. आज आपण ज्याला मध्यमवर्गीय मराठी-दाक्षिणात्य दादर-माटुंगा म्हणतो, त्याच्या पायाखाली ही जमीन आहे. प्रशांत किदंबी यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवलंय की ट्रस्टनं पाडलं पुष्कळ पण गरिबांसाठी बांधलं थोडं. त्यामुळे माणसं शेजारच्या आळीत जाऊन आणखी दाटीनं राहिली. प्लेग काही थांबला नाही. १८९१ साली ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ साली ७,७६,००६ झाली होती. साऱ्या हिंदुस्थानात पुढच्या दोन-अडीच दशकांत कोटीभर माणसं प्लेगनं मेली.

साथ येते तेव्हा बेटाची माणसं मरतात, आणि साथ जाते तेव्हा बेटाची जमीन जाते. मुंबईच्या बाबतीत हा क्रम मला तरी स्पष्ट दिसतो.

जगात इतरत्र बेटांचं काय झालं ते पाहिलं तर हा मुद्दा आणखी उघडा पडतो. अंदमानातले ‘ग्रेट अंदमानी’ लोक इंग्रजांनी १८५८ मध्ये तिथं बंदिवानांची वसाहत केली तेव्हा काही हजार होते. याच वसाहतीत आपले १८५७ चे मौलवी आणि सिपाही पाठवले गेले, म्हणून आपण तिचा इतिहास ‘काळं पाणी’ म्हणून वाचतो. पण ते पाणी ज्यांचं होतं त्यांच्यात १८७७ साली गोवराची साथ शिरली आणि जमातीचा कणा मोडला. १९०१ च्या गणनेत ६२५ उरले, १९६१ मध्ये १९. उलट उदाहरण समोआचं. १९१८ च्या नोव्हेंबरात न्यूझीलंडहून ‘तालुने’ नावाचं जहाज इन्फ्लुएंझा घेऊन पश्चिम समोआत आलं. अधिकाऱ्यांनी ते अडवलं नाही आणि तिथली पाचातली एक व्यक्ती मेली. थोड्याच मैलांवरच्या अमेरिकन समोआत गव्हर्नरनं बंदर बंद केलं, गावोगावच्या समोअन लोकांनी स्वतः किनाऱ्यावर पहारा दिला, आणि तिथं या साथीत कुणी मेलं नाही. बेट असण्याचा फायदा आहे, पण दार लावायचं की उघडायचं हे ठरवणाऱ्याला बेटावरच्या माणसांची फिकीर असेल तरच.

मुंबई बेटाचं दार १९१८ मध्येही उघडंच होतं. महायुद्धावरून परतणारी जहाजं गोदीला लागत होती. जूनमध्ये गोदीवरचे पोलीस आधी आजारी पडले. तिथून ताप शहरात आणि रेल्वेनं देशभर. आपल्याकडं त्याला ‘मानमोडी’ म्हणत. हिंदुस्थानात एक कोटीच्या बऱ्याच वर माणसं त्यात गेली. इतकी मोठी साथ, पण तिच्या खुणा प्लेगपेक्षाही कमी उरल्या. रानात जाऊन तिच्यापासून वाचता येत नव्हतं, बहुधा म्हणूनही असेल.

आता २०२०. १३ मार्चला महाराष्ट्रानं लागू केला तो कायदा १८९७ चाच. मार्चच्या शेवटी वरळी कोळीवाडा चारही बाजूंनी बंद केला गेला. मुंबईतल्या पहिल्या सीलबंद वस्त्यांपैकी हा एक. वरळीचा किल्ला, गोल्फादेवीचं देऊळ आणि समोर सागरी सेतू, हे चित्र टीव्हीवर दिवसभर. बातमीदार पुन्हापुन्हा ‘झोपडपट्टी’ म्हणत होते आणि तिथले लोक पुन्हापुन्हा सांगत होते की हे गाव आहे, शहराच्या आधीचं. १ एप्रिलला धारावीत पहिला रोगी सापडला. पुढं जुलैत धारावीनं साथ आवरली म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं कौतुक केलं. त्या कौतुकातही धारावी कोळीवाडा, म्हणजे ज्या गावाभोवती ही वस्ती वाढली, त्याचं नाव क्वचितच आलं.

एकशे चोवीस वर्षांनी बेटाचं दार बंद झालं होतं, पण बाहेरून. मासेमारी सुरुवातीच्या टाळेबंदीत बंद, मग १० एप्रिलला केंद्रानं सूट दिली. सूट मिळून उपयोग काय? बर्फ नाही, बाजार नाही, टोपली घेऊन बसायला कोळणीला जागा नाही. त्यात पावसाळी बंदी. त्या वर्षी ती १ जूनऐवजी १५ जूनपासून लागू केली, म्हणजे पंधरवडा जास्त मिळाला. पण वर्षाचा सर्वांत चांगला हंगाम तोवर निसटला होता. १८९७ मध्ये जळालं ते घरातलं जाळं आणि सुकी मासळी. या वेळी जळालं काहीच नाही, नुसतं नासलं.

मय्यतीचा प्रश्नही तोच परत आला. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेनं परिपत्रक काढलं की कोरोनानं मेलेल्या सगळ्यांचं दहन करावं, धर्म कोणताही असो. काही तासांत ते बदलावं लागलं. मुसलमानांइतकाच त्याचा धक्का ईस्ट इंडियन आणि इतर ख्रिस्त्यांना होता, हे आपल्या लोकांच्या फारसं ध्यानात आलं नाही. मग वांद्र्याच्या कोकणी मुस्लिम कब्रस्तानात दफन नको म्हणून काही रहिवासी न्यायालयात गेले. मे महिन्यात उच्च न्यायालयानं त्यांची मागणी फेटाळली. हे झालं इतरांचं. पण एप्रिलच्या सुरुवातीला मालवणीत एका मुसलमानाची मय्यत आपल्याच माणसांनी कब्रस्तानात घेतली नाही आणि त्याचं शेवटी दहन करावं लागलं, ते आपलं. प्लेगमध्ये ज्या जमाती आपल्या मुर्द्याच्या इज्जतीसाठी सरकारशी भांडल्या, त्यांच्याच वारसांनी हे केलं. भीती माणसाला किती लवकर पुढच्या गावाच्या शिवेवर गाडा ढकलायला लावते!

क्रूसांचंही ऐका. सार्वजनिक जागेवरची बेकायदा धार्मिक बांधकामं हटवण्याच्या मोहिमेत, साथीच्या तीन वर्षं आधी, २०१७ मध्ये महापालिकेनं वांद्र्याच्या बाजार रोडवरचा जुना क्रूस पाडला. रस्ता नंतर आला, क्रूस आधी होता, हे गावकऱ्यांनी कागद दाखवून सांगितलं. मोठा गहजब झाला. दर्ग्यांच्या आणि कब्रस्तानांच्या बाबतीत आपण हाच युक्तिवाद करतो, कधी चालतो, कधी चालत नाही. मुंबईत आज चाळीसच्या आसपास कोळीवाडे आणि त्याहून कितीतरी जास्त गावठाणं धरली जातात. त्यांच्या सीमा सरकारी नकाशावर पक्क्या करायचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलंय. सीमा नसलेल्या गावाला ‘झोपडपट्टी’ ठरवणं आणि मग पुनर्विकासात घालणं सोपं. साथीत दाटीची भीती घराघरांत पोहोचली की ते आणखी सोपं होतं. ट्रस्टच्या वेळी हेच झालं होतं.

वरळी कोळीवाड्याच्या लोकांनी मात्र या वेळी समुद्राकडून बाजू लढवली. सागरी किनारा मार्गाचा पूल त्यांच्या बंदरातून होड्या बाहेर निघतात त्याच वाटेवरून जाणार होता. दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठेवलेलं. भरती, वारा आणि जाळं ओढणारी होडी यांचा हिशेब मांडून कोळी म्हणत होते की एवढ्यातून होडी निघणार नाही, खांबावर आपटेल. कोर्टकचेरी झाली, साथ ओसरत असताना होड्या घेऊन ते कामाच्या जागी जाऊन उभे राहिले, महिनोन्‌महिने काम अडलं. आमचे अभियंते तुमच्यापेक्षा जास्त जाणतात, हे त्यांना पुष्कळदा ऐकवलं गेलं. २०२२ च्या डिसेंबरात सरकारनं ते अंतर १२० मीटर करायचं मान्य केलं. मधला एक खांब काढून टाकण्यात आला.